प्रतिक्षिप्त क्रिया आणि उपजत वर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात जीवशास्त्र शिकवतो. वर्गात, आणि सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्सकडे हिंडताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे दहावी-बारावीचे विद्यार्थी आहेत, घरी कुत्रं पाळणारे आहेत, काटोल-वरूडकडचे संत्रा बागायतदारही आहेत. 'हे तर त्याच्या रक्तातच आहे' असं म्हणून आपण प्राण्यांच्या सगळ्याच वागण्याला एका पोत्यात भरतो. तसं केलं की प्राणी कळायचा राहून जातो, म्हणून हा खटाटोप.

दोन्ही गोष्टी जन्मापासूनच असतात. मग फरक कशात आहे?

प्रतिक्षिप्त क्रियेत शरीराचा एखादा भाग ठरावीक उद्दीपनाला लगेच, ठरावीक उत्तर देतो. डोळ्यावर उजेड पडला की बाहुली आकसते. विषय संपला.

उपजत वर्तनात अख्खा प्राणी कामाला लागतो. एकामागून एक कृती येतात, त्यांना क्रम असतो, आणि काम पुरं व्हायला मिनिटं, दिवस, कधी आठवडे लागतात. शिवाय ते होणार की नाही हे प्राण्याच्या आतल्या अवस्थेवरही ठरतं: भूक, ऋतू, संप्रेरकं (हार्मोन्स), घरट्यात अंडी असणं-नसणं. चिमणीच्या डोळ्याची बाहुली बारा महिने आकसते. काड्या गोळा करायची तिची लगबग मात्र विणीच्या हंगामातच दिसते.

'मेरुरज्जूतून (पाठीच्या कण्यातल्या चेतारज्जूतून) झाली ती प्रतिक्षिप्त क्रिया, मेंदूतून झालं ते वर्तन' अशी विभागणी काही मुलं पाठ करून येतात. ती सोडून द्या. बाहुली आकसण्याचा मार्ग मेंदूतूनच जातो, तरी ती प्रतिक्षिप्त क्रियाच आहे.

गरम तव्याला हात लागला तर तो मेंदूला न विचारताच मागे येतो. म्हणजे मेंदूचा काहीच संबंध नाही का?

संबंध आहे, पण उशिराने. त्वचेतल्या ग्राहीकडून, म्हणजे चटका टिपणाऱ्या टोकाकडून, संवेदी चेतापेशी संदेश घेऊन मेरुरज्जूत येते. तिथे सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीला देते आणि दंडाचा स्नायू आकुंचन पावतो. त्याच वेळी दुसरा संदेश वर मेंदूकडे निघालेला असतो. तो पोचतो तेव्हा आपण 'आई गं' म्हणतो, पण हात तोवर निघालेला असतो.

गुडघ्याच्या वाटीखाली डॉक्टर हातोडी मारतात, त्यात तर मधली चेतापेशीही नसते. दोन चेतापेशींचाच मार्ग, त्यामुळे २० ते ३० मिलिसेकंदांत मांडीच्या स्नायूत हालचाल सुरू होते. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या क्रियेची नोंद केली. दीडशे वर्षं झाली, ती तपासणी अजून तशीच चालू आहे.

आणि मेंदू वरून लगाम घालू शकतो, हेही लक्षात ठेवा. चहाचा चटका देणारा कप आपण लगेच सोडत नाही, टेबलापर्यंत नेतो.

सर, मे महिन्यात टिटवी चोच उघडून बसलेली दिसते. ते काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण एकाच पक्ष्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. मोकळ्या मैदानात, गिट्टीत, तलावाच्या कोरड्या काठावर, कधी सपाट गच्चीवरही ती उघड्यावर अंडी घालते. बहुधा चार. खड्यांच्या रंगाची, त्यावर काळे-तपकिरी ठिपके. आता मे महिन्यातलं नागपूर डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर, जमीन त्याहून तापलेली, आणि सावलीचा पत्ता नाही.

अंड्यांवर बसलेली टिटवी चोच उघडते आणि धापा टाकते. श्वासाबरोबर ओलावा बाहेर पडतो आणि अंग थंड होतं. शरीराचं तापमान वाढलं की मेंदूतलं नियंत्रण केंद्र श्वासाची गती बदलतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया. नर-मादी, विणीचा हंगाम असो-नसो, तापलेला प्रत्येक पक्षी असंच करतो. कावळेही करतात, कबुतरंही करतात.

पण थोडा वेळ दुर्बीण लावून थांबा. टिटवी उठते, जवळच्या पाण्याकडे जाते, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते, परत येते आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवते. काही वेळाने पुन्हा जाते. उन्हात उघडी पडलेली अंडी तापून आतला भ्रूण मरू शकतो, त्यावरचा हा उपाय आहे. इथे पाणी शोधणं, भिजणं, परतीची वाट, नेमक्या जागी बसणं अशी साखळी आहे. घरट्यात अंडी नसताना या फेऱ्यांना काही अर्थच नसतो. हे उपजत वर्तन. उष्णता तीच, पक्षी तोच. धापा टाकून ती स्वतःला थंड ठेवते, पोट भिजवून अंड्यांना.

पिल्लांचंही बघा. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू काही तासांतच पळू लागतं, आणि आईबापांनी धोक्याचा आवाज काढला की जमिनीला चिकटून निपचित पडतं. तुम्ही हातभर अंतरावर उभे असता तरी ते दिसत नाही. म्हणून टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागल्या की पाय जपून टाका, आणि आल्या वाटेने मागे फिरा.

उपजत वर्तन एकदा सुरू झालं की थांबत नाही, असं पुस्तकात आहे. खरं आहे का?

काही वर्तनांच्या बाबतीत खरं आहे. कोनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी १९३८ साली हंसांवरचं जे काम प्रसिद्ध केलं, ते याचं गाजलेलं उदाहरण. अंडी उबवत असलेल्या हंसीचं एखादं अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की ती मान लांबवते, चोच अंड्यापलीकडे नेते आणि त्याला आत ओढते. अंडं इकडेतिकडे सरकू नये म्हणून ओढताना चोच डावी-उजवीकडे हलवत राहते.

या दोघांनी ओढणं सुरू झाल्यावर अंडंच काढून घेतलं. हंसी थांबली नाही. नसलेलं अंडं तिने घरट्यापर्यंत ओढत आणलं. पण डावी-उजवीकडची हालचाल मात्र बंद पडली, कारण ती अंड्याच्या स्पर्शावर चालत होती. एकाच कृतीत दोन पदर निघाले: एक आतून सुरू होऊन पूर्ण होणारा, दुसरा क्षणाक्षणाच्या संवेदनेवर चालणारा. म्हणूनच मी मुलांना सांगतो की उपजत वर्तन आणि प्रतिक्षिप्त क्रिया यांच्यात भिंत घालू नका. मोठ्या वर्तनाच्या आत छोट्या प्रतिक्षिप्त क्रिया काम करत असतात.

असं वर्तन सुरू करणारी खूण फार साधी असू शकते. टिनबर्गननी अभ्यासलेल्या स्टिकलबॅक माशाच्या नराचं पोट विणीच्या काळात लाल होतं, आणि दुसऱ्या नराचं लाल पोट दिसलं की तो हल्ल्याच्या पवित्र्यात येतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले मासे त्या बाजूला झेपावत. पुढे १९७३ साली लॉरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना मिळून नोबेल मिळालं.

संत्र्याच्या झाडावरची अळी डिवचली की शिंगं काढते आणि वास मारते. हे कोण शिकवतं तिला?

कोणीच नाही. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. नर्सरीतल्या रोपांची कोवळी पानं ती फस्त करते, त्यामुळे बागायतदारांना तिच्याबद्दल प्रेम नसणं स्वाभाविक आहे. पण फवारणीआधी एकदा तिला नीट बघा.

लहानपणी ती पांढऱ्या-तपकिरी रंगाची, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. डोक्यामागे काडी लावली की तिथून दोन फाट्यांचा नारिंगी-लालसर, ओलसर अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने तो बाहेर ढकलला जातो. डिवचणं थांबलं की आत जातो. ही कृती प्रतिक्षिप्त क्रियेच्या फार जवळची आहे: स्पर्श, आणि लगेच ठरलेलं उत्तर.

आता तीच अळी पूर्ण वाढल्यावर काय करते ते बघा. खाणं सोडते. पोट रिकामं करते. आतापर्यंत पानांना चिकटून असणारी अळी अचानक भटकायला लागते, फांदी निवडते, तिथे रेशमाची छोटी गादी विणते, शेपटाकडचं टोक त्यात अडकवते आणि स्वतःभोवती रेशमाचा एक धागा कमरपट्ट्यासारखा घेते. मग त्या धाग्यावर रेलून कोष होतो. आयुष्यात हे काम ती एकदाच करते, म्हणजे सरावाला संधी नाही, आणि तिची आई अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. अळीच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो आणि ही साखळी सुरू होते. उपजत वर्तनाचं याहून स्वच्छ उदाहरण विदर्भात शोधून सापडायचं नाही.

मादी फुलपाखराला तरी संत्र्याचं झाड कसं कळतं? ती पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते. पायांवर चव ओळखणारे ग्राही असतात. पानातली रसायनं जुळली की एक अंडं, मग पुढचं पान. आणि ही निवड फक्त लिंबूवर्गीय झाडांपुरती नाही. बावचीवरही ती अंडी घालते, म्हणून बागेच्या आसपासचं बावचीचं तण काढायला सांगतात.

झुरळावर चप्पल उगारली की पडायच्या आत ते पसार होतं. त्याला कळतं कसं?

झुरळाच्या मागच्या टोकाला दोन छोटे अवयव असतात आणि त्यांवर बारीक केस. चप्पल खाली येताना पुढे ढकललेली हवा त्या केसांना लागते. तिथून जाड चेतातंतूंमधून संदेश थेट पायांच्या नियंत्रणाकडे जातो आणि साधारण ५० मिलिसेकंदांत झुरळ, हवा ज्या बाजूने आली तिच्या विरुद्ध बाजूला वळतं. इथवर प्रतिक्षिप्त क्रिया. त्यानंतर अंधारी फट गाठून आत दडून राहणं हे उपजत वर्तन.

कुत्र्याचं पोट खाजवलं की त्याचा मागचा पाय आपोआप का हलतो?

चार्ल्स शेरिंग्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका याच क्रियेचा अभ्यास केला. पाठीच्या आणि कुशीच्या ठरावीक भागात त्वचेला चाळवलं की मागचा पाय खाजवायला लागतो. मेंदूशी संबंध तुटलेल्या कुत्र्यातही हे घडतं, म्हणजे सगळी व्यवस्था मेरुरज्जूत आहे. तुम्ही हळू खाजवा की भरभर, पाय आपल्याच तालात सेकंदाला चार-पाच वेळा हलतो. तो ताल मेरुरज्जूचा. शेरिंग्टनना १९३२ साली एडगर एड्रियन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

तेव्हा पाय हलतोय म्हणजे कुत्रं खूश आहे, असा अर्थ लगेच काढू नका. ते खूश असेलही, पण ते त्याच्या चेहऱ्यावरून आणि अंगाच्या सैलपणावरून ओळखायचं.

टपरीवर बिस्किटाचा पुडा वाजला की गल्लीतलं कुत्रं धावत येतं. हे उपजत का?

नाही, हे शिकलेलं आहे. तोंडात खाणं पडल्यावर लाळ सुटणं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया. पुड्याच्या आवाजाने लाळ सुटणं हे अनुभवातून तिला जोडलं गेलेलं. इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे जोडकाम प्रयोगांनी दाखवलं. त्यांचं १९०४ चं नोबेल मात्र पचनाच्या कामासाठी होतं. हा प्रश्न परीक्षेत हमखास चुकतो.

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, तरी ते काव काव का करत नाही?

कारण कोकीळ पक्ष्याला आपल्या जातीचं कूजन ऐकून शिकावं लागत नाही. चैत्रात नागपूरभर कुहू-कुहू करणारा प्रत्येक नर परक्या घरट्यात वाढलेला असतो. पण हे सगळ्या पक्ष्यांना लागू करू नका. अनेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांना मोठ्यांचं गाणं कानावर पडलं नाही, तर त्यांचं गाणं अर्धवट राहतं.

उपजत म्हणजे कधीच न बदलणारं, असंच ना?

असं मुळीच नाही, आणि हा गैरसमज जायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात नागपूरबाहेर पडलात की नाल्याकाठच्या बाभळीवर किंवा सिंदीच्या झाडावर सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतील. विणकाम नर करतो. खोपा अर्धा झाला, उलट्या टोपासारखा दिसायला लागला, की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तरच पुढचं बांधकाम. विणण्याची ओढ उपजत आहे, पण नवख्या नराचा खोपा गबाळा असतो. आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर निकोलस आणि एल्सी कोलायस या दांपत्याने प्रयोग केले. ज्या पिल्लांना हिरवं गवत-पान हाताळायलाच दिलं नाही, त्यांना पुढे पट्ट्या फाडणं आणि विणणं धड जमेना. सराव मिळाल्यावर ते सुधारले.

मधमाश्यांचा नाचही तसाच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनुभवी माश्यांचा नाच बघायला न मिळालेल्या तरुण माश्या नाचल्या खऱ्या, पण खाद्याची दिशा आणि अंतर सांगण्यात जास्त चुकल्या.

मग वाघाचा बछडा शिकार शिकतो की त्याला ती येतेच?

दबा धरणं, झेपावणं, हलत्या वस्तूमागे लागणं हे उपजत. पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला बछडे एकमेकांच्या शेपट्यांवर झडप घालताना दिसतात, ते हेच. पण सांबराला कुठे धरायचं, कधी थांबायचं, कशाच्या वाटेला जायचं नाही, हे आईबरोबरच्या दीड-दोन वर्षांत पक्कं होतं.

म्हणून अनाथ बछड्यांना जंगलात परत सोडणं अवघड असतं, पण अशक्य नसतं. कान्हात मोठ्या कुंपणात, जिवंत शिकारीवर वाढवलेल्या दोन अनाथ वाघिणी २०११ साली पन्नात सोडल्या. त्या जंगलात रुळल्या. पिंजऱ्यात आयतं मांस खाऊन वाढलेल्या वाघाकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

पावसाळ्यात दिव्याभोवती किडे का फिरतात? त्यांना उजेड आवडतो का?

आवडीचा प्रश्न नाही. २०२४ च्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी उडते कीटक टिपले, तेव्हा दिसलं की ते दिव्याकडे पाठ करायला बघतात. लाखो वर्षं रात्री सगळ्यात उजळ भाग म्हणजे आकाश, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहतं. दिवा जवळ आला की हीच प्रतिक्षिप्त क्रिया त्यांना गोल फिरवत ठेवते. दिव्याच्या वरून गेलेला किडा तर उलटा होऊन खाली आदळतो. अंगणातला दिवा रात्री गरजेपुरता लावा आणि त्याला वरून झाकण बसवा, एवढं आपण करू शकतो.

तान्हं बाळ बोट घट्ट धरून ठेवतं. ते ओळखतं म्हणून का?

तळहाताला स्पर्श झाला की मूठ मिटते, गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळतं, डोक्याचा आधार अचानक सुटला की दोन्ही हात फाकतात. या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत आणि पहिल्या चार-सहा महिन्यांत त्या ओसरतात. डॉक्टर त्या तपासतात, कारण त्या वेळेवर दिसणं आणि वेळेवर जाणं दोन्ही महत्त्वाचं असतं. आजीचा आवाज ऐकून बाळ शांत होतं, तो मात्र ओळखीचाच भाग.

लाजाळूची पानं मिटतात, ती प्रतिक्षिप्त क्रिया का?

नाही. वनस्पतीला चेतासंस्था नसते. पानाच्या देठाजवळच्या पेशींतलं पाणी बाहेर जातं आणि पान मिटतं.

पालीची तुटलेली शेपटी वळवळते, तसा मेलेला सापही चावू शकतो का?

हो, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. पालीच्या शेपटीत मेरुरज्जूचा तुकडा शिल्लक असतो, तोच काही मिनिटं स्नायूंना हलवत राहतो. सापाचं डोकं धडापासून वेगळं झालं तरी त्यातल्या पेशी कमी ऑक्सिजनवर तग धरतात. जबड्याला स्पर्श झाला की तोंड मिटतं, दात रुततात आणि विषही टोचलं जातं. तासाभरानंतरही असं घडू शकतं. फणा काढणं वेगळं: ते धोका जाणवल्यावर जिवंत नागाने अख्ख्या शरीराने केलेलं उपजत वर्तन आहे, अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लूही ते करतं. पुंगीपुढे नाग डोलतो तेव्हाही तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो.

मारलेल्या सापाला पोरं हात लावायला बघतात. लावू देऊ नका. आणि असा दंश झाला तर 'मेलेलाच होता' म्हणून घरी थांबू नका. जिवंत सापाच्या दंशासारखंच, वेळ न घालवता मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत न्या.